पाळण्याला बांधलेला रुमाल: घरातल्या पेपरमिंट तेलाचं एक प्रकरण

जुलैचा तिसरा आठवडा होता. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाळाने श्वास धरला होता गं. ओठ निळे पडले. आता रडतोय, पण मला फार भीती वाटतेय." मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तेवढ्यानेच मला पहिला धीर आला, कारण रडायला श्वास लागतो. मी वीस वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. चुकीच्या मात्रेचे आणि घरातल्या विषबाधांचे फोन मला नवे नाहीत. पण हा फोन घरचा होता आणि माझे हात थरथरत होते.

"खोलीत काय चालू आहे?" मी विचारलं.

"काही नाही गं. डिफ्यूजर आहे फक्त. पेपरमिंट."

पुढचा सगळा मजकूर बहिणीच्या, तिच्या नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या परवानगीने लिहीत आहे. पेपरमिंट तेलाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. ते माझ्या घरातही आहे आणि या प्रकरणात शेवटी त्याचा चांगला उपयोगही झाला. पण तीन माणसांनी प्रेमापोटी केलेल्या तीन गोष्टी एका पाच महिन्यांच्या बाळाच्या नाकापाशी कशा एकत्र आल्या, ते मी मोजून पाहिलं आहे. लहान मूल असलेल्या घरांनी ते मोजमाप वाचावं असं मला मनापासून वाटतं.

घर आणि माणसं

सिंहगड रस्त्यावरचा दोन खोल्या आणि हॉल असलेला फ्लॅट. बहीण ३१ वर्षांची, बाळंतपणाच्या रजेवर. नवरा कारखान्यात पाळीच्या नोकरीला, त्या आठवड्यात सकाळची पाळी. सासूबाई सोबत राहतात. बाळ मुलगा, पूर्ण दिवसांचा, वजन ६ किलो ८०० ग्रॅम, फक्त अंगावरचं दूध. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झालेल्या. आधी श्वासाची कसलीही तक्रार नव्हती.

डिफ्यूजर बारशाला भेट आलेला होता. पाण्याला अतिवेगाने कंप देऊन गार धुकं करणारा, ३०० मिलीच्या टाकीचा. तो बाळासाठी कुणी वापरत नव्हतं. बाळ तिसऱ्या महिन्यात असल्यापासून बहिणीचं डोकं दुखायला लागलं होतं. संध्याकाळ झाली की कपाळाभोवती कुणी फडकं घट्ट आवळून बांधल्यासारखं व्हायचं. अंगावर पाजत असल्यामुळे तिला गोळी घ्यायची नव्हती. (पॅरासिटामॉल योग्य मात्रेत पाजणाऱ्या आईला चालतं. हे तिने मला विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, आणि मीही ते आपण होऊन विचारायला हवं होतं.) तिने ऑनलाइन १५ मिलीची पेपरमिंट तेलाची बाटली मागवली. हॉलमध्ये, खिडकी उघडी ठेवून, टाकीत चार थेंब, अर्धा तास. डोकं हलकं व्हायचं. तीन आठवडे असं चाललं आणि काही बिघडलं नाही.

मग थेंब वाढत गेले. चाराचे सहा, सहाचे दहा. तिला वाटलं बाटली उघडी राहून तेल फुसकं झालं, कारण वासच येईना. तेल फुसकं झालेलं नव्हतं. एकच वास सतत घेत राहिलं की वासाचा मज्जातंतू काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडतो. उदबत्तीच्या दुकानात बसणाऱ्याला उदबत्तीचा वास येत नाही, तसंच हे. त्यात तिला स्वतःलाही सर्दी झाली होती. म्हणजे जे माणूस थेंब मोजत होतं, त्याचंच नाक बंद होतं.

ती रात्र

दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. हे खूप जणांना माहीत नसतं. बाळाला दोन दिवस सर्दी होती. नाक चोंदलं की ते दूध ओढायचं, सोडायचं, चिडून रडायचं. ज्याला तोंडाने श्वास घेण्याची सवय नाही त्या बाळाला नाक बंद असताना पिणं म्हणजे केवढी झटापट असते, ते पाजणाऱ्या आईलाच कळतं.

साधारण १० वाजून ३५ मिनिटांनी बहिणीने डिफ्यूजर बेडरूममध्ये आणून लावला. टाकीत चौदा थेंब. बाळाचंही नाक मोकळं होईल असा विचार. स्वतःच्या कपाळाला आणि मानेला तिने त्याच तेलाचं रोल-ऑन लावलं. १० वाजून ५० मिनिटांनी बाळाला पाजलं. सासूबाईंनी तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी बाळाच्या पायाशी ठेवली होती. ती पाहून बहिणीला सुचलं की पेपरमिंटही असंच देता येईल. तिने सुती रुमालावर तीन थेंब टाकले आणि तो पाळण्याच्या वरच्या दांडीला, बाळाच्या चेहऱ्याच्या अंगाला, बांधला. एसीचा गार झोत थेट लागू नये म्हणून सासूबाईंनी पाळण्यावर जुनी सुती साडी पसरली.

दहा मिनिटांच्या आत बाळ एकदम दचकलं. हात ताठ झाले, तोंड उघडं, पण आवाज नाही. चेहरा लाल झाला, मग ओठांभोवती निळसर. नवऱ्याने उचलून उभं धरलं आणि धावत गॅलरीत नेलं. श्वास किती वेळ थांबला होता? सासूबाई म्हणतात, देवाचं नाव घेत पाच-सहा वेळा पाठीवर थोपटेपर्यंत. म्हणजे दहा-पंधरा सेकंद असावेत. मग बाळ खोकलं, जोरात रडलं, डोळ्यांना आणि नाकाला पाणी. गॅलरीतल्या हवेत दोन-तीन मिनिटांत रंग परत आला.

फोनवर मी काय सांगितलं तेही नोंदवते, कारण ऐन वेळी हेच लागतं. बाळाला त्या खोलीत परत न्यायचं नाही. बाबाच्या हातातच राहू दे. आईने कपाळ-मान आधी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसायची, मग साबणाने धुवायची, गाऊन बदलायचा आणि मगच बाळाला जवळ घ्यायचं. पुदिन्याचं तेल पाण्यात विरघळत नाही. नुसतं पाणी लावलं तर ते पसरतं, खोबरेलात मात्र मिसळून निघून येतं. बाळाचे कपडे बदलायचे, चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा. तोंडात, नाकात काहीही घालायचं नाही. मध नको, साखरपाणी नको, घरात असलेले सर्दीचे कुठलेही थेंब नकोत. आणि बाळ आता हसत असलं तरी आत्ताच रुग्णालयात जायचं. ज्या तान्ह्या बाळाचे ओठ एकदा निळे पडले, त्याला त्याच रात्री डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. यात सकाळपर्यंत थांबू या असा पर्याय मी कुणालाही देणार नाही.

रुग्णालयात पोचले तेव्हा १२ वाजून २० मिनिटं झाली होती. रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के, मिनिटाला ४२ श्वास, छातीत घरघर नाही, ताप ९९.८. नाकात आणि घशात लाली. पहाटे पाचपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. पुन्हा काही झालं नाही. नाकात टाकायला साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि घरी सोडलं. तीव्र वाफेमुळे श्वास प्रतिक्षिप्तपणे थांबल्याची शक्यता आहे, असं डॉक्टरांचं मत पडलं.

सकाळी मोजलेलं

मी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. बहीण सारखी एकच वाक्य म्हणत होती, "मीच केलं ना हे?" मी तिला चहा करून दिला आणि टेप मागितली. रडणाऱ्या माणसाला कधी कधी काम दिलं की बरं वाटतं, आणि मलाही नक्की काय घडलं ते जाणून घ्यायचं होतं.

आधी थेंब. बाटलीच्या बुचातून सुई काढलेल्या सिरिंजमध्ये तेल टाकत गेलो. २५ थेंबांना १ मिली झालं. म्हणजे चौदा थेंब म्हणजे अर्ध्या मिलीहून थोडं जास्त, वजनाने साधारण ५०० मिलिग्रॅम. खोली ११ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ, म्हणजे जवळजवळ ३० घनमीटर हवा. टाकीतलं सगळं तेल एकाच वेळी हवेत गेलं असं धरलं, तरी दर घनमीटरला १७ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. खरं तर तेवढंही नाही, कारण डिफ्यूजर पाऊण तासच चालला होता आणि टाकीत बरंच पाणी उरलं होतं. (टाकीच्या तळाला गुलाबी बुळबुळीत थर होता. वापर सुरू झाल्यापासून ती एकदाही पुसली नव्हती, उरलेल्या पाण्यातच नवं पाणी पडत होतं. ते धुकं आपण श्वासात घेतो. दर वापरानंतर टाकी रिकामी करून कोरडी पुसली पाहिजे.)

मग पाळणा. आतली लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ५०, साडीपर्यंतची उंची ६०. म्हणजे ०.२७ घनमीटर, खोलीच्या शंभराव्या भागाहूनही लहान जागा. रुमालावरचे तीन थेंब म्हणजे साधारण १०८ मिलिग्रॅम. ते सगळं साडीखाली साठलं असतं तर दर घनमीटरला ४०० मिलिग्रॅम झालं असतं. साडीतून वाफ झिरपते, आणि दहा मिनिटांत सगळं तेल उडतही नाही. म्हणून मी फक्त दहावा हिस्सा धरला. तरी ४० येतं. खोलीत जास्तीत जास्त जेवढं असू शकलं असतं, त्याच्या दुपटीहून अधिक. आणि हे सरासरीचं गणित झालं. रुमाल बाळाच्या नाकापासून टेपने मोजून २० सेंटिमीटरवर होता.

कागदावर हे आकडे मांडले तेव्हा बहीण पहिल्यांदा शांत झाली. तिचा सगळा राग डिफ्यूजरवर होता, तो फेकून द्यायचा म्हणत होती. पण चौदा थेंबांपेक्षा ते तीन थेंब जड होते. घरात तेल वापरताना आपण थेंब मोजतो, अंतर मोजत नाही, आणि झाकलेली जागा तर आपल्या ध्यानातच येत नाही. पाळण्यावर कापड टाकणं तसंही बरं नाही. आतली हवा कोंदते, उष्णता साठते. सासूबाईंना मी ते हळूच सांगितलं. त्यांनी लगेच साडी काढली आणि एसीच्या पट्ट्यांची दिशा भिंतीकडे वळवून घेतली.

ओव्याच्या पुरचुंडीबद्दलही त्यांनी विचारलं. "मग आमचा ओवासुद्धा वाईटच का?" हा प्रश्न मला रास्त वाटला. ओव्याच्या दाण्यात उडनशील तेल साधारण २ ते ४ टक्के असतं. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम ओव्यात १०० ते २०० मिलिग्रॅम तेल, तेही दाण्याच्या आत कोंडलेलं, सावकाश सुटणारं. शिवाय पुरचुंडी पायाशी होती. उलट पुदिन्याच्या जातीच्या ताज्या पाल्यात तेल एक टक्क्यापेक्षाही कमी निघतं. चौदा थेंब तेल म्हणजे बाजारातल्या एका मोठ्या जुडीचा अर्क. जुडीभर पाला बाळाच्या खोलीत ठेवला तर काही होत नाही, कारण पाला आपलं तेल धरून ठेवतो. बाटलीतलं तेल मात्र मोकळंच असतं. पुरचुंडी पायाशी, कोमट, आणि तिच्यात कापूर न घालता असेल तर माझी हरकत नाही, असं मी सांगितलं. करोनाच्या काळात कापूर, ओवा आणि लवंगेच्या पुरचुंड्या घरोघर फिरल्या, तेव्हापासून तान्ह्या बाळाजवळ कापूर ठेवण्याची सवय वाढलेली मी पाहते. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. तो पाळण्याच्या आसपासही नको.

नाक मोकळं होतं म्हणजे काय होतं

इथे थोडं थांबते, कारण बहिणीचा सगळा निर्णय एका समजुतीवर उभा होता, आणि ती समजूत आपल्या सगळ्यांची आहे. पेपरमिंटने नाक उघडतं.

पेपरमिंटमधला मुख्य घटक मेंथॉल. आपल्याकडे पुदिनाफूल किंवा पिपरमिंटचं फूल म्हणून जे सुईसारखे पांढरे खडे मिळतात, ते हेच. ओव्याचं फूल आणि कापूर यांच्याबरोबर ते बाटलीत घातलं की तिन्ही घन पदार्थ मिळून पाण्यासारखे पातळ होतात. आपली अमृतधारा. आजीच्या पेटीत असायची, पोटात दुखलं की बत्ताशावर थेंब. पिपरमिंटच्या गोळ्या, पानातलं पिपरमिंट. एवढ्या ओळखीच्या वस्तूची भीती कशी वाटणार?

मेंथॉल काहीही गार करत नाही. थंडी ओळखणारी जी प्रथिनं आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असतात, त्यांतलं टीआरपीएम८ नावाचं प्रथिन ते चेतवतं, आणि मेंदूला गारव्याची खोटी वर्दी पोचते. हे प्रथिन २००२ मध्ये सापडलं. त्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. नाकातही हेच घडतं. आत जाणारी हवा गार लागली की मेंदूला वाटतं, भरपूर हवा जाते आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफचे संशोधक रोनाल्ड एकल्स यांनी १९८० च्या दशकात माणसांना मेंथॉल हुंगायला दिलं आणि नाकातला हवेचा अडथळा यंत्राने मोजला. नाक मोकळं झाल्याचं लोक सांगत होते, पण यंत्रावरचा अडथळा तेवढाच होता. सुजलेलं अस्तर सुजलेलंच राहतं, शेंबूड तिथेच राहतो.

मोठ्या माणसाला हा भाससुद्धा उपयोगी पडतो, झोप लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाच महिन्यांच्या बाळाला "मोकळं वाटतंय" याचा काय उपयोग? त्याला दूध ओढताना खरी हवा हवी असते. आणि त्याच्या बाबतीत एक धोका वाढतो. नाकातल्या ज्या मज्जातंतूला मेंथॉल चेतवतं, तो वासाचा नाही, तो चेहऱ्याच्या संवेदनेचा, ट्रायजेमिनल. तान्ह्या बाळात तो जोरात चेतवला गेला तर शरीर ते पाण्यात बुडण्यासारखं संकट समजतं. स्वरयंत्राचं दार आवळलं जातं आणि श्वास थांबतो. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २ वर्षांखालच्या मुलांना पेपरमिंट तेल हुंगायला किंवा अंगाला लावायला मनाई केली आहे ती याच कारणाने. छातीला चोळायच्या मेंथॉलच्या बामांवरही बारीक अक्षरात २ वर्षांची अट असते. डिफ्यूजरच्या तेलाच्या बाटलीवर मात्र, निदान बहिणीच्या बाटलीवर, "मुलांपासून दूर ठेवा" एवढंच होतं. ते वाचून माणसाला वाटतं, बाटली मुलाच्या हाताला लागू देऊ नये. तेही खरंच आहे. घोटभर तेल पोटात जाणं फार वाईट, आणि तसं झालं तर उलटी करवू नये, तेल फुप्फुसात उतरतं. पण खोलीतल्या वाफेचा अर्थ त्या तीन शब्दांत येत नाही.

वास न येण्याचा मुद्दाही इथेच उलगडतो. बहिणीचा वासाचा मज्जातंतू थकला होता म्हणून तिला खोली रिकामी वाटत होती. बाळाचा ट्रायजेमिनल मज्जातंतू थकलेला नव्हता.

बाटलीवरचं नाव

दुपारी बाटली हातात घेऊन नीट वाचली. पुढे मोठ्या अक्षरात "पेपरमिंट". मागे, घटकांच्या ओळीत, मेंथा आर्वेन्सिस.

हे पेपरमिंट नव्हे. खरं पेपरमिंट म्हणजे मेंथा पायपरिटा. पाण्याकाठचा पुदिना आणि आपला चटणीचा हिरवा पुदिना यांचा संकर, ज्याला बी धरत नाही, धुमाऱ्यांपासूनच लावावा लागतो. मेंथा आर्वेन्सिस ही जपानी पुदिन्याची जात. उत्तर प्रदेशात बाराबंकी, चंदौसी, संभल, रामपूर या पट्ट्यात शेतकरी तिला मेंथा म्हणतात, कोणी पिपरमेंटही म्हणतात. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने तिचे कोसी, हिमालय असे वाण तयार केले. जगातला सर्वाधिक मेंथा तेलाचा पुरवठा भारतातून होतो, आणि मुंबईच्या वायदेबाजारात त्या तेलाचे सौदे होतात. ते शेतकऱ्यांचं मोठं पीक आहे, आणि तेल अस्सलच आहे. फरक फक्त एवढाच, आणि तो या प्रकरणात महत्त्वाचा, की युरोपीय औषधकोशाप्रमाणे पेपरमिंट तेलात मेंथॉल ३० ते ५५ टक्के असतं, तर मेंथ्याच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर. मेंथॉल बाहेर काढून उरलेलं तेलही बाजारात विकलं जातं, त्यात ते कमी असतं. बहिणीची बाटली कुठली हे लेबलवरून कळेना.

मी ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी काचेला आतून लांब सुया धरल्या होत्या, तळाशी निम्मी बाटली थिजलेली. पेपरमिंट घरच्या फ्रीजमध्ये सहसा असं थिजत नाही. मेंथॉल वेगळं काढण्याची कारखान्यातली रीतही हीच, मेंथा तेल गार करायचं. प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याकडे नाही, पण तेवढ्या सुया पुरेशा बोलक्या होत्या. इंटरनेटवर तीन ते पाच थेंबांचं जे माप ती वाचत होती ते पायपरिटाचं होतं. तिच्या बाटलीतला प्रत्येक थेंब जवळजवळ दुप्पट मेंथॉलचा निघाला.

दुसरं कारण असू शकेल का

असू शकेल. तेलाने झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. शेंबडाचा गठ्ठा घशात उतरून क्षणभर श्वास अडू शकतो. पिऊन अर्धा तासच झाला होता, दूध वर येऊनही असं होतं. रडून श्वास धरणारी मुलं असतात, पण ती बहुतेक सहा महिन्यांपुढची, आणि आधी राग किंवा मार लागलेला असतो. हे बाळ तर झोपेत होतं. डांग्या खोकला डॉक्टरांनी विचारात घेतला आणि लक्षणं जुळत नसल्याने बाजूला ठेवला.

माझा कौल तेलाकडे जातो तो तीन गोष्टींमुळे. रुमाल बांधल्यावर दहा मिनिटांत घडलं. डोळ्यांना पाणी आणि नाक-घशाची लाली तीव्र वाफेशी जुळते. आणि पुढच्या तीन महिन्यांत दोनदा सर्दी होऊनही तसं पुन्हा कधी झालं नाही. कदाचित सर्दी आणि वाफ दोन्ही मिळून झालं असेल. आधीच सुजलेल्या नाकाचे मज्जातंतू जास्त चिडके असतात. पुन्हा तसंच करून पाहणं हा एकच पक्का पुरावा, आणि तो कोणीही कधीही घेऊ नये.

आईचं डोकं

या सगळ्यात बहिणीची डोकेदुखी मागे पडली होती. बाळ बरं म्हटल्यावर सगळे तिला विसरले, तीही स्वतःला विसरली. त्याच आठवड्यात मी तिला तपासायला नेलं. रक्तदाब ठीक. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे कमी. दिवसाला पाणी पाच-सहा पेले, झोप तुकड्यातुकड्याने चार तास. हे कुठलंही तेल भरून काढू शकत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि नवऱ्याने रात्री दोननंतरची बाळाची जबाबदारी उचलली. काढून ठेवलेलं दूध तो पाजतो. माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात मोठं औषध हेच ठरलं.

पेपरमिंटही राहिलं, पण वेगळ्या रूपात. डोकेदुखीवर पेपरमिंटचा जो भरवशाचा पुरावा आहे तो हुंगण्याचा नाही, लावण्याचा आहे. जर्मनीत कील इथे हार्टमुट गोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ताणाच्या डोकेदुखीवर १० टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावून पाहिलं. त्याचा गुण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या जवळपास आला. मेंथॉलचा गारवा दुखण्याची वर्दी मागे ढकलतो. तेल मापात, जागच्या जागी. खोलीभर धुकं करण्याची गरजच नव्हती.

मी लेबलवर मेंथा पायपरिटा लिहिलेलं तेल आणून दिलं. अल्कोहोलऐवजी खोबरेल वापरलं, कारण ते घरी हाताळायला सोपं, आणि सुरुवात १० टक्क्यांनी न करता ३ टक्क्यांनी केली. १० मिली खोबरेलात ८ थेंब. गोबेल यांच्या द्रावणाएवढा गुण याचा येईल असं मी तिला सांगितलं नाही. आधी मनगटाच्या आत लावून एक दिवस पाहिलं. ती ते फक्त बाळ दुसऱ्या खोलीत झोपलेलं असताना लावते, डोळ्यांपासून दोन बोटं लांब, आणि बाळाला घेण्याआधी कपाळ, मान, हात साबणाने धुते. बाळाचं नाक पाजताना आईच्या मानेपासून वीतभरच असतं. त्या रात्रीच्या हिशेबात रोल-ऑनचा वाटा किती होता हे मला काढता आलं नाही, पण तो शून्य नसणार. आठवड्याला पाच वेळा दुखणारं डोकं सहा आठवड्यांनी एक-दोन वेळांवर आलं. लोहाने, झोपेने की तेलाने, हे मी वेगळं करू शकत नाही.

दिवाळीत गेले तेव्हा

दिवाळीला मी पुन्हा त्या घरी गेले. डिफ्यूजर आहे, हॉलमध्ये, वरच्या फळीवर. रविवारी सासूबाई बाळाला खाली बागेत नेतात तेव्हा बहीण तीन थेंब घालून अर्धा तास लावते, खिडकी उघडी. मग बंद करून टाकी पुसते आणि तासभर हवा खेळू देते. दारात बाहेरून आलेल्या माणसाला वास विचारते, कारण आपल्या नाकावर तिचा आता विश्वास नाही. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत बेडरूममध्ये काहीच लावायचं नाही असं ठरलं आहे.

सप्टेंबरमध्ये बाळाला सर्दी झाली होती. दर पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब, मिनिटभराने रबरी फुग्याने शेंबूड ओढून घेणं, आणि जास्त वेळ उभं धरणं. तिसऱ्या दिवशी बहिणीने मला फोनवर सांगितलं, "ताई, एका दमात अकरा मिनिटं प्यायला." ती घड्याळ लावून बसली होती.

जुनी बाटली फेकलेली नाही. स्वयंपाकघरातल्या कुलुपाच्या कपाटात आहे. सासूबाईंनी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून मार्करने, त्यांच्या गोल अक्षरात, लिहिलं आहे: मेंथा. पेपरमिंट नाही. उघडली जून महिन्यात. पाळण्याजवळ नको.